अनलिमिटेडच्या कोपऱ्यातली पंक्चरवाली

पंक्चरवालीचा हात लागला की रक्त थांबायचं, आणि रक्त थांबलं की मार पुढे चालू व्हायचा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे तिच्या ध्यानात यायला अर्धं आयुष्य गेलं. आता तिला दोष द्यायला पुष्कळ लोक पुढे येतात. येऊ देत. दोष द्यायचाच म्हटलं तर तिच्या आधी बाकीच्यांची रांग लावावी लागेल, आणि ती रांग वखारीच्या दारापासून बस डेपोला वळसा घालून पार तिच्या टपरीपर्यंत येईल.

आठवडाभर ती डेपोजवळच्या टपरीत टायरची पंक्चरं काढायची आणि रविवारी दुपारी वखारीत माणसांची. वखार आता नावालाच वखार. लाकडाचा धंदा बुडाल्यावर मालकाने आत बॉक्सिंगची रिंग घातली होती. लाकडी चौथरा, वर ताणलेली ताडपत्री, चारही बाजूंना दोर, भोवती बाकं. भिंतींच्या फटींतून अजून भुसा गळायचा, तो रक्तावर टाकायला कामी यायचा. तीन मिनिटं मार खायचा आणि द्यायचा, मग घंटा झाली की एक मिनिट कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचं, पुन्हा घंटा झाली की उठायचं, असा खेळ. त्या एका मिनिटात कोपऱ्यातल्या माणसाने आपल्या गड्याला पाणी पाजायचं, वारा घालायचा आणि फुटलेलं कातडं बंद करून त्याला परत धाडायचं. पंक्चरवाली त्यातल्या एका कोपऱ्याची मालकीण. बुटकी बाई, मनगटं पुरुषासारखी, आणि ट्यूबवर ठिगळं दाबून दाबून उजवा अंगठा चपटा झालेला.

हे काम तिने मागून घेतलं नव्हतं. तिचा नवरा बॉक्सर. वखारीत त्याला सगळे घोडा म्हणत, कारण शुद्ध गेली तरी तो पडायचा नाही, घोड्यासारखा उभ्या उभ्या झोपायचा आणि लगेच जागा व्हायचा. लग्नानंतर थोड्याच दिवसांत एका लढतीत त्याची भुवई अशी फाटली की आतलं हाड दिसलं. कोपऱ्यात बसलेला कंपाउंडर तर्र होता. तो भुवई सोडून कानाला कापूस लावत होता. ही बाकावरून उठली, दोरांखालून आत शिरली, कंपाउंडरला खांद्याने बाजूला ढकललं आणि कामाला लागली. ओल्यावर काही चिकटत नाही, एवढं एकच शास्त्र तिला टपरीत बापाने शिकवलं होतं. तिने आधी जखम कोरडी पुसली, मग अंगठ्याने दाबून धरली, मग औषधात भिजवलेला कापूस आत बसवला आणि वरून व्हॅसलीनचा जाड थर चोपडला. रक्त बंद. घोडा उठला, पुढे गेला आणि समोरच्याचा जबडा मोडून परत आला. लोकांनी बाकं बडवली. त्या दिवसापासून कोपरा तिचा झाला आणि कंपाउंडर कायमचा बाकावर गेला.

तिला या कामाचा अभिमान होता. का नसावा? वखारीत शे-दीडशे माणसं नुसती ओरडायला यायची. तिला काहीतरी करता येत होतं. सूज आली की बर्फात ठेवलेली लोखंडी चकती दाबून ती डोळा उघडायची. नाक वाकडं झालं तर दोन बोटांत धरून कट्‌कन सरळ करायची, आणि गडी किंचाळला की म्हणायची, "ओरड, ओरड, दम मोकळा होतो." गडी तिला घाबरायचे आणि तिच्याच कोपऱ्यात बसायला मिळावं म्हणून आपसांत भांडायचेही.

घोड्याचं पुढे काय झालं हे मात्र वखारीत कुणी विचारत नाही. तो घरी आहे. सकाळी शर्टाचं एक बटण लावतो, काढतो, परत लावतो, आणि दुपार होते. बोलतो गोड. पण दारावरची बेल वाजली की तो झोपेतून ओढून काढल्यासारखा उठायचा, हनुवटी खाली, मुठी वर, आणि समोर जो असेल त्याला हाणायचा. एकदा दूधवाल्याची बरगडी गेली. एकदा बेल वाजली तेव्हा समोर पंक्चरवाली होती. ठोसा थेट तोंडावर बसला आणि दोन दात फरशीवर पडले. ती मोरीपाशी वाकून रक्त थुंकत होती, तेवढ्यात तो पंचा घेऊन आला, हळूच तिचं तोंड पुसलं, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "कुणी मारलं गं तुला? नुसतं नाव सांग. बघतो त्याच्याकडे."

"पडले," ती म्हणाली, आणि जिभेने हिरडी चाचपली. मग तिने स्टुलावर चढून बेलची वायर उपटून काढली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोक्याला फार मार बसलाय, आतलं सगळं सैल झालंय, आणि ते काही परत घट्ट होत नाही. तिने मान डोलावली. पण कातडं वेगळं आणि डोकं वेगळं, असं तिच्या मनाने कधीच ठरवून टाकलं होतं. कातडं तिच्याकडे, डोकं ज्याचं त्याच्याकडे. माणसाला रोज सकाळी उठून कामाला जायचं असलं की असे हिशेब करावेच लागतात.

मग मालकाने तो शब्द आणला.

मालकाला इंग्रजी शब्दांची भारी हौस. पाटीवर आधी ग्रँड होतं, मग सुपर झालं, मग डबल सुपर. तरी गर्दी रोडावतच होती. ठरलेल्या फेऱ्या, मग गुणांची बेरीज, मग पंच एकाचा हात वर करणार; लोकांना त्यात राम वाटेना. एके दिवशी मालक मोबाइलच्या दुकानावरून जात होता, तिथे लिहिलं होतं अनलिमिटेड. शेजारच्या खानावळीवर लिहिलं होतं अनलिमिटेड. दोन्हीकडे झुंबड. मालक परत आला तो पेंटरला घेऊनच. संध्याकाळपर्यंत वखारीच्या दारावर पुरुषभर उंचीची लाल अक्षरं उभी राहिली होती, आणि रंग ओला असल्यामुळे खाली ओघळतही होता.

"म्हणजे काय हो, मालक?" पंक्चरवालीने विचारलं.

"अमर्याद. हद्दच नाही. फेऱ्या मोजायच्या नाहीत, गुण नाहीत, काही नाही."

"फोनवाल्याचं अनलिमिटेड महिना संपला की संपतं," ती म्हणाली. "खानावळीचं तिसऱ्यांदा ताट पुढे केलं की संपतं, वाढपी बहिरा होतो. तुमचं कधी संपणार?"

मालक हसला. "एक जण उठायचा थांबला की."

पंच म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर. त्यांनी तोंड वाकडं केलं. निदान दोन दारं तरी उघडी ठेवा, असा हट्ट त्यांनी धरला. एक, गड्याने स्वतः तोंडाने 'पुरे' म्हटलं तर लढत थांबेल. दुसरं, डोळ्यात रक्त जाऊन दिसेनासं झालं तर पंच थांबवतील. कोपऱ्यातून टॉवेल फेकून लढत सोडायची जुनी रीत मात्र मालकाने साफ बंद केली. टॉवेल पुसायला असतो, फेकायला नाही, असं तो म्हणाला.

दोन दारांना त्याने लगेच होकार दिला, कारण दोन्ही दारं बंदच होती हे त्या लबाडाला पक्कं ठाऊक होतं. वखारीच्या भिंतीवर सगळ्या गड्यांचे फोटो होते. जो 'पुरे' म्हणेल त्याचा फोटो तोंड भिंतीकडे करून लटकवायचा, ही तिथली रीत. एकाचा तसा लटकला होता. त्याला पोरंसुद्धा रस्त्यात पाठ दाखवून चालायची, शेवटी तो गाव सोडून गेला. तेव्हा 'पुरे' कुणी म्हणणार नव्हतं.

"आणि रक्ताचं म्हणाल," मालक पंचांना म्हणाला, "तर रक्ताला आपली पंक्चरवाली आहे की!"

सगळे हसले. तिलाही हसू आलं. तिला वाटलं, आपलं कौतुक झालं.

पहिल्याच रविवारी बाकं पुरेनात. लोक दारात, खिडकीत, छपरावर. दोन गडी इतका वेळ लढले की शेवटी ठोसे मारत नव्हते, एकमेकांच्या अंगावर पडत होते, आणि लोक ओरडत होते, "अजून! अजून!" शब्द गावभर झाला. कुणी कुणाला बदडलं की 'अनलिमिटेड दिलं त्याला' असं म्हणायचे. शाळेमागे पोरं अनलिमिटेड खेळायची आणि दात खिशात घालून घरी यायची. पंक्चरवालीच्या गल्लीतल्या एकाने बायकोला केसाला धरून आत ओढलं आणि दार लावता लावता म्हणाला, "आज अनलिमिटेड." शेजाऱ्यांनी ऐकलं. ऐकलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला. एकटी पंक्चरवाली टायर उचकटायची पहार घेऊन गेली, दाराची कडी उखडली, आणि त्या नवऱ्याच्या गुडघ्यावर पहार अशी घातली की तो अजून जिना चढताना कठड्याला धरतो. तिला हात उचलायचं वावडं नव्हतं, हे सांगून ठेवलेलं बरं.

अशा बाईचा एकुलता एक भाऊ त्या रिंगमध्ये उतरला.

आई गेली तेव्हा तो झोळीत होता. पंक्चरवालीने त्याला टायरमध्ये बसवून वाढवला. खरंच, ट्रकच्या जुन्या टायरमध्ये गोधडी घालून ती त्याला टपरीत ठेवायची. ती त्याला बाळ्या म्हणायची. बाळ्या आता टेम्पो चालवायचा, खांदे दारात न मावणारे, आणि तोंड चोवीस तास चालू. लढतीत मार खाऊन स्टुलावर बसला तरी विनोद करायचा. त्याची स्मरणशक्ती तर अशी की, तिसरीत कोण कुठल्या बाकावर बसायचं ते तो आजही सांगायचा. गल्लीतली माणसं त्याच्याकडे तारखा विचारायला यायची. पंक्चरवाली त्याच्यावर ओरडायची, पण तो बोलत असला की हातातलं काम थांबवून ऐकायची.

"अनलिमिटेडमध्ये उतरू नकोस," तिने सांगितलं.

"तू आहेस ना कोपऱ्यात," बाळ्या म्हणाला. "मला काय होतंय?"

ती होतीच.

त्या रविवारी समोर होता बाजारातला हमाल. मान नव्हतीच त्याला, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. त्याचं कातडं फुटायचं नाही आणि दम लागायचा नाही. त्याला कुणावर राग नव्हता. पोती उतरवावीत तसा तो ठोसे उतरवायचा, एकामागून एक, न बोलता.

सुरुवात बाळ्याने झकास केली. पायांवर नाचत तो हमालाच्या नाकावर टिचक्या मारल्यासारखे ठोसे देत होता आणि बाकांकडे बघून डोळा मारत होता. मग एकदा डोळा मारायला वळला आणि हमालाचा उजवा हात त्याच्या डाव्या भुवईवर येऊन बसला. टरबूज फुटावं तसा आवाज झाला. रक्त गालावरून छातीवर आलं. घंटा वाजली.

"ताई, ट्यूब बदलावी लागेल का?" बाळ्या स्टुलावर बसता बसता म्हणाला.

"गप बस, हलू नकोस." तिने पुसलं, दाबलं, कापूस बसवला, व्हॅसलीन चोपडलं. पंच वाकून बघून गेले. "चालेल," ते म्हणाले. बाकांवरून कुणीतरी ओरडलं, "वा रे पंक्चरवाली!" आणि बाकं दणाणली.

पुढच्या फेरीत हमालाने बरगड्यांवर काम केलं. बाळ्याच्या तोंडून ठोशागणिक हवा निघत होती. त्याच्या पुढच्या फेरीत ओठ फाटला, तिने तो बंद केला. उजवा डोळा सुजून मिटला, तिने चकती दाबून उघडला. भुवई पुन्हा सुटली, पुन्हा बंद केली. तिचे हात यंत्रासारखे चालत होते आणि खरं सांगायचं तर ती त्या दिवशी आयुष्यातलं सर्वांत चोख काम करत होती. ताडपत्रीवर भुशाचे लाल गोळे झाले होते. हमालाच्या ठोशांचा आवाज बदलला होता. आधी चटचट यायचा, आता ओलं कापड आपटल्यासारखा येत होता.

फेऱ्या मोजायच्या नव्हत्या, तेव्हा कितवी ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या फेरीत बाळ्या पडला. उठला. पडला. दोराला धरून उठला. एक ठोसा त्याच्या कानामागे बसला आणि त्याचे डोळे क्षणभर पांढरे झाले, तरी पाय उभेच राहिले. असे पाय पंक्चरवालीने पाहिले होते. उभ्या उभ्या झोपल्यासारखे.

घंटा वाजली आणि बाळ्या चालत निघाला तो हमालाच्या कोपऱ्याकडे. तिथल्या स्टुलावर जाऊन बसला. लोक खदखदा हसले. पंचांनी त्याला दंडाला धरून इकडे आणलं.

"बाळ्या," ती म्हणाली. "माझ्याकडे बघ. आज वार कुठला?"

तो विचार करू लागला. तारखा पाठ असलेला तिचा भाऊ विचार करू लागला! मग तोंड भरून हसला. रक्ताने दात रंगले होते. "आई," तो म्हणाला, "भूक लागलीय."

आई त्याला आठवायचं काही कारणच नव्हतं.

"पुरे म्हण," ती त्याच्या कानात म्हणाली. "बाळ्या, माझ्या राजा, पुरे म्हण."

एवढं मात्र त्याला कळलं. त्याचा चेहरा आवळला. "नाही म्हणणार."

ती पंचांकडे वळली. "मास्तर, थांबवा."

"तो म्हणतोय का पुरे?"

"त्याला वार आठवत नाही! तो मला आई म्हणतोय!"

मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांच्या कपाळावर घाम होता. त्यांनी बाळ्याचा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडे फिरवला. भुवई बंद, ओठ बंद, डोळे उघडे. कुठे थेंब नाही. "रक्त दाखव, बाई," ते हळूच म्हणाले. "रक्त दाखव, आत्ता थांबवतो. असं कसं थांबवू?"

दोरापाशी मालक उभा होता. "मालक," ती म्हणाली, "पाया पडते. हा मरेल."

"दारावर काय लिहिलंय?" मालक म्हणाला. "लोक ते वाचून आत आलेत. आणि मरतोय कुठे? तू काय झकास बांधलायस त्याला! अजून तासभर जाईल."

घंटा वाजली. बाळ्या उठला आणि गेला. त्या तीन मिनिटांत काय झालं ते सांगायला जीभ रेटत नाही. हमालाने त्याला दोराला टेकवला आणि डावा, उजवा, डावा, उजवा, डोकं एकीकडून दुसरीकडे फेकलं जात होतं. हमालसुद्धा एकदा थांबला आणि पंचांकडे पाहिलं. लोक त्याच्यावर ओरडले तेव्हा पुन्हा सुरू झाला. आणि इतक्या माराखाली भुवई सुटली नाही. व्हॅसलीन सरकलं नाही. आतला कापूस जागचा हलला नाही. पंक्चरवाली कोपऱ्यात उभी राहून आपलंच काम बघत होती. तिच्या डोळ्यांसमोर घरातला माणूस आला, बटण लावणारा आणि काढणारा, आणि कातडं नि डोकं वेगळं नसतं हे तिला कुणी न सांगता कळलं. पंचांनी उघडं ठेवलेलं दार इतके रविवार तीच लावून घेत आली होती.

बाळ्या परत आला, स्टुलावर आदळला. ती समोर गुडघ्यांवर बसली. नेहमीसारखा कापूस हातात घेतला, म्हणजे बघणाऱ्यांना नेहमीसारखंच वाटावं. व्हॅसलीन पुसून काढलं. कापूस ओढून काढला. मग तिने उजवा चपटा अंगठा त्या जखमेत घातला, नखापर्यंत, आणि सगळा जोर लावून खाली ओढला.

कातडं भुवईपासून पापणीपर्यंत फाटत आलं. इतका मार मुकाट खाल्लेला बाळ्या किंचाळला. ती किंकाळी बाकांच्या वरून गेली. रक्त उसळलं, डोळ्याची खाच भरली, ते तिच्या कोपरापर्यंत ओघळलं. तिने तोंड वळवलं नाही. दुसऱ्या हाताने त्याची मान धरून ठेवली होती, तो सुटू नये म्हणून.

"घ्या मास्तर," ती ओरडली. "हे रक्त!"

मास्तरांनी दोन्ही हात हवेत फिरवले. लढत संपली.

मग एकजण म्हणाला, "तिनेच फाडलं! मी पाहिलं!" आणि सगळी वखार उठली. पहिली बाटली तिच्या खांद्यावर फुटली. मग बाकं उलटली, खुर्चीचा पाय आला, चप्पल आली. कंपाउंडर इतक्या वर्षांचा राग काढायला सर्वांत पुढे होता; त्याने तिला केसांना धरून दोरांबाहेर खेचायला सुरुवात केली. तिने त्याचा हात चावला, मनगट फिरवलं, त्याचं बोट मोडल्याचा आवाज तिने ऐकला. कुणीतरी पाठीत लाथ घातली. मालक दोरापलीकडून शिव्या देत होता, तिला आणि मास्तरांना आळीपाळीने.

आणि मग बाळ्या उठला. एक डोळा रक्ताने बंद, एक सुजून चिरेएवढा उघडा. त्या चिरेतून त्याने तिला पाहिलं. या खेपेला त्याने तिला ओळखलं.

"ताई," तो म्हणाला. "तू?"

आणि त्याने तिला मारलं. ग्लोव्हजचा हात, पूर्ण खांदा फिरवून. ती भुशात पडली. त्याने आणखी एक मारला असता, पण त्याचा तोल गेला आणि तो तिच्या शेजारीच पालथा पडला. गर्दीतून वाट काढून हमालानेच दोघांना उचललं, एकेका खांद्यावर एकेकाला टाकलं, आणि दाराबाहेर नेऊन सावलीत उतरवून ठेवलं.

तिचा जबडा वाकडा जुळला. अजून जेवताना कटकट वाजतो. बाळ्याची पापणी टाके घालूनही खाली लोंबली, त्या डोळ्याने तो अर्धंच जग बघतो. मालकाने दोघांना वखारीचं दार बंद केलं. बाळ्याने गल्ली सोडली, डेपोच्या पलीकडे खोली घेतली आणि बहिणीशी बोलणं टाकलं. आजार नाही, सण नाही, घोडा हॉस्पिटलात होता तेव्हासुद्धा नाही. टेम्पो टपरीसमोरून न्यायचा आणि मान दुसरीकडे करायचा. लोक तिला सांगायचे की तो टेम्पोचं पंक्चर काढायलासुद्धा दोन गल्ल्या पलीकडे जातो. ती म्हणायची, "जाऊ दे. हात बरा आहे तिथल्या पंक्चरवाल्याचा." पण तिला झोप लागायची नाही, आणि ती रागापायी नाही. त्या दुपारी आपण वेळेत थांबवलं की उशिरा, हे तिला कळायला मार्ग नव्हता. घोड्याचंही सगळं एकदम गेलं नव्हतं. आधी वार गेले, मग माणसं गेली.

बरीच वर्षं गेल्यावर एका सकाळी बाळ्याचा टेम्पो भरल्या मालाने बरोबर टपरीसमोर बसला. मागचं चाक सपाट. दुसरीकडे न्यायचा म्हटलं तर रिम जाईल. तो खाली उतरला, उभा राहिला, आणि शेवटी टपरीकडे न बघता म्हणाला, "पंक्चर आहे."

तिने जॅक लावला. चाक काढलं. ट्यूब बाहेर ओढून पाण्याच्या घमेल्यात धरली. ती ओठ चावून काम करत होती. तो पाठ करून उभा होता. मग तो एकदम बोलायला लागला.

"निळी साडी होती तुझी. पदर खोचलेला. माझ्या डावीकडे मास्तर, दोरापाशी मालक, हातात चहाचा ग्लास. तू कापूस डाव्या हातात घेतलास, लोकांना दाखवायला. मला वाटलं, ताई औषध लावतेय. मी डोळा मिटून तुझ्यापुढे केला! मी स्वतः पुढे केला!" त्याचा आवाज फाटला. तो वळला. "तू मला आधी विचारलंस, आज वार कुठला. मी सांगू शकलो नाही. रविवार होता. हलकट बाई, रविवार होता! आदल्या दिवशी तू माझ्यासाठी नवी बनियन आणली होतीस, पांढरी, काखेत घट्ट होती. सकाळी आपण दोघांनी पाव आणि चहा घेतला, भावजी दारात बसले होते, त्यांनी मला विचारलं, कोण तुम्ही. मला सगळं आठवतं! तुला वाटलं मी विसरेन? एक गोष्ट विसरलेलो नाही मी!"

पंक्चरवालीने मान वर केली नाही. तो शिव्या देत होता आणि ती एकेक गोष्ट मनात पडताळून बघत होती. निळी साडी. चहाचा ग्लास. बनियन काखेत घट्ट होती, तेही बरोबर. पाव आणि चहा. भावजी दारात. सगळं बरोबर होतं, पोराचं सगळं जागच्या जागी होतं. घमेल्यातल्या पाण्यात तिच्या डोळ्यांतलं पाणी टपटप पडत होतं, आणि वाकड्या जबड्याने तिला धड रडताही येत नव्हतं.

तो दम घ्यायला थांबला. "काय? बोल की आता. लाज वाटते का? अजून सांगू?"

"सांग," ती म्हणाली. "अजून सांग, बाळ्या. थांबू नकोस."